हाताच्या मापाची गाडी

माझा जावई नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्ही फिरवायला देतो. एटीव्ही म्हणजे गुबगुबीत चार चाकांची, हँडलवाली, उघडी मोटारसायकल. वाळूत रुतत नाही, त्यामुळे मुंबईची माणसं तिच्यावर बसून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जातात आणि ओरडत परत येतात. त्याच्याकडे अशा चार गाड्या आहेत. दिवसभर त्या किनाऱ्यावर असतात आणि संध्याकाळी घरी येऊन वाडीतल्या शेडमध्ये उभ्या राहतात. माझी मुलगी घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यांचं जेवणखाण बघते. त्यांना दोन मुली. हे सगळं घडलं तेव्हा मोठी नऊ वर्षांची होती आणि धाकटी सात.

मी आणि माझी बायको पेणच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एका गावात राहतो. मी तीस वर्षं सरकारी लाल बस चालवली. त्यातली बरीचशी अलिबाग-पनवेल रस्त्यावर. तीस वर्षांत एकही अपघात नाही. हे मी न विचारता सांगतो अशी बायकोची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, धाकटीने आज गाडी चालू केली."

"कुठली गाडी?"

"ह्यांची. अंगणात धुऊन ठेवली होती, चावी तशीच राहिली. बाईसाहेब चढल्या आणि दिली रेस."

गाडीने एकदम उडी मारली होती. अंगण ओलांडून ती कपड्यांच्या दोरीत शिरली, पाहुण्यांच्या चार धुतलेल्या चादरी अंगावर ओढून घेतल्या आणि पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याला लागून बंद पडली. सगळे धावत गेले तर चादरींच्या खालून आवाज आला, "मी ब्रेक शोधत होते!"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "पोरीला लागलं न्हाय ना कुठं?"

"नाही गं आई. ओरखडासुद्धा नाही."

"आन् बाप कुठं व्हता तिचा?"

बाप आत जेवत होता. त्याने तेव्हापासून एकच सांगितलं होतं, की मुलींनी गाड्यांच्या जवळसुद्धा यायचं नाही. पण मुलीच्या मनात वेगळंच होतं. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दारात चार गाड्या उभ्या असतात. मी चाव्या किती दिवस लपवू? त्यापेक्षा त्यांच्या मापाची एक लहान गाडी आणू आणि नीट शिकवू. मिळतात अशा. निवडायला तुम्ही या."

"खेळण्यातली?"

"खेळण्यातली नाही. खरी."

मी म्हटलं, विचार करतो. बायकोने पिशवी भरायला घेतली होती. घरचे तांदूळ, वाल, आणि नातींसाठी पोह्याचे पापड. म्हणजे विचार करून झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागावला पोचलो. मी चहा घेतला आणि शेडमध्ये जाऊन त्या चार गाड्यांकडे बघत उभा राहिलो. आजवर त्यांच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. स्टिअरिंग नाही, दार नाही, छप्पर नाही. जावई हात पुसत आला.

"बाबा, चालवून बघा. समजेल."

मला कुणी गाडी चालवायला शिकवण्याचा प्रसंग पस्तीस-चाळीस वर्षांत आला नव्हता. पण जावई चांगला शिकवतो. रोज नवखी माणसं त्याच्या हाताखालून जातात. उजव्या अंगठ्याशी एक लहानशी पट्टी असते, ती दाबली की रेस. दोन्ही हातांत ब्रेक. क्लच नाही, गेअर टाकायचे नाहीत. "एवढंच," तो म्हणाला.

वाडीत मागच्या बाजूला एक मोकळा तुकडा आहे. वादळात तिथले माड आणि पोफळी आडव्या झाल्या होत्या. जावयाने नवी रोपं लावली आहेत, पण ती अजून गुडघ्याएवढी, मधोमध एका चौकोनात, कुंपणात. त्या चौकोनाभोवती गाडी फिरेल एवढी जागा आहे. मी तिथे निघालो. सरळ रेषेत सगळं उत्तम चाललं. डावा पाय उगाच क्लच शोधत होता, पण तेवढं चालायचंच. मग वळण आलं. मी हँडल वळवलं. गाडी वळली नाही. म्हणजे थोडी वळली, आणि मग आपल्या मनाने सरळ वाडीच्या कडेच्या मेंदीच्या कुंपणात गेली.

मला काही झालं नाही. कुंपणाला एक खिंडार पडलं. जावई पळत आला, "बाबा, अंग टाकायला लागतं! वळायचं त्या बाजूला झुकायचं असतं, नुसत्या हँडलने नाही वळत." हे त्याने आधी सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नव्हतं.

मोठी नात तिथेच पायरीवर बसली होती. ती शांत पोरगी आहे. तिने अगदी मनापासून, अजिबात खोड न काढता विचारलं, "आजोबा, तुमचा एकही अपघात नाही ना?"

"आता एक झाला म्हणावं," बायको ओट्यावरून म्हणाली. त्यानंतर पाच मिनिटं सगळे हसत होते. मीही हसलो, जरा उशिरा.

पण त्या कुंपणात बसल्याबसल्या एक गोष्ट मला कळली, आणि पुढे तीच उपयोगी पडली. बसमध्ये ड्रायव्हर बारीक असो की जाडा, बसला फरक पडत नाही. ह्या गाडीला पडतो. तिला अंगाने वळवायचं असतं. माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाला जी गाडी जुमानत नाही, ती वीस-बावीस किलोच्या पोरीला काय जुमानणार? गाडी तिच्याहून फार जड नको. पाय पायठाणावर टेकले पाहिजेत, कारण उभं राहूनच झुकता येतं. आणि सगळ्यात आधी, हात ब्रेकला पोचला पाहिजे. धाकटी चादरींखाली ब्रेकच तर शोधत होती.

बुधवारी आम्ही नातींना घेऊन पनवेलला एटीव्हीच्या दुकानात निघालो. पाहुणे होते म्हणून जावई घरी थांबला, बायकोही थांबली. गाडी मुलीने चालवली. लग्नानंतर काही वर्षांनी तिने चारचाकी शिकून घेतली होती, पाहुण्यांची भाजी, मासळी, गॅस सगळं तीच आणते. मी शेजारी बसलो. माझा उजवा पाय कार्लेखिंडीच्या चढापासून पुढे सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. तिने ते पाहिलं.

दुकान मोठं, काचेचं होतं. आत लाल, हिरव्या, पिवळ्या एटीव्ही रांगेने उभ्या होत्या. धाकटी दारातून थेट सगळ्यात मोठ्या लाल गाडीवर जाऊन बसली. दुकानदार गोड माणूस होता. त्याने मुलींना चॉकलेट दिलं आणि मला म्हणाला, "काका, हीच घ्या. थोडी मोठी आहे, पण मुलं काय, बघताबघता वाढतात. चार-पाच वर्षं बघायला नको. लहान घेतलीत तर दोन वर्षांत पुन्हा इथे याल."

हे बोलणं मला पटण्यासारखंच होतं. आम्ही सगळ्या गोष्टी अशाच घेतल्या. मुलीचा शाळेचा गणवेश दोन मापं मोठा, चप्पल बोटभर मोठी, सायकलसुद्धा अशी की पहिलं वर्षभर तिने नळीखालून पाय घालून चालवली. मी जवळजवळ हो म्हणत होतो. मग धाकटीला म्हटलं, "ब्रेक धर बघू."

"धरला."

"दोन्ही."

"धरले, आजोबा. पोचतात."

पोचत होते, म्हणजे बोटांची टोकं पोचत होती. ती इतकी ताणली होती की नखं पांढरी झाली होती. मी म्हटलं, "आता दाब." तिने सगळा जीव एकवटला. दात आवळले. दांडी जेमतेम हलली.

"सवय होईल," दुकानदार म्हणाला.

मी मोठीला बोलावलं. "मला नकोय गाडी," ती म्हणाली. ती पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होती. "चालवू नकोस. फक्त हात ठेव." ती वयाने मोठी असली तरी चणीने बारीक आहे, हात धाकटीपेक्षा लहान. तिची बोटं दांडीच्या अलीकडेच संपली.

"नाही जमायची ही," मी म्हटलं.

दुकानदाराने आणखी दोन दाखवल्या. एकीवर मोठीचे पाय लोंबत होते. दुसरीत मागच्या चाकापुढे पाय अडवणारी पत्र्याची ढालच नव्हती. पाय घसरला की थेट चाकाखाली. तिथे मात्र मी पुरता ड्रायव्हर झालो आणि दुकानदाराला जरा जास्तच ऐकवलं. मुलीने माझा शर्ट मागून ओढला. आम्ही बाहेर आलो, आणि धाकटीने भोकाड पसरलं.

ती वडखळपर्यंत रडली. पेणला क्षणभर थांबली, पण तिला आठवलं आणि पुन्हा सुरू झाली. मुलीने वडखळला गाडी बाजूला घेतली. आम्ही वडापाव घेतले. धाकटी माझ्याकडे पाठ करून बसली आणि तशीच पाठ करून दोन वडापाव खाल्ले. मोठी तिच्याशेजारी बसली होती. चहा येईपर्यंत मुलगी माझ्याकडे बघत होती.

"तिला नाही म्हणालात ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "पण मला तुम्ही बघितल्याशिवायच नाही म्हणाला होतात."

मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलते. ती अलिबागला कॉलेजात होती तेव्हा तिला स्कूटी शिकायची होती. घ्यायची नव्हती, नुसती शिकायची होती, मैत्रिणीच्या स्कूटीवर. मी एका शब्दात विषय बंद केला होता. रोज त्या रस्त्यावर मी जे बघत होतो ते घरी सांगण्यासारखं नसायचं. दुचाकीवरच्या पोरांचं काय होतं, ते बसच्या काचेतून फार जवळून दिसतं. पण हे कारणसुद्धा मी तिला कधी सांगितलं नव्हतं. नाही म्हणजे नाही, एवढंच.

"शिकले मी तेव्हाच," ती म्हणाली.

"काय?"

"स्कूटी. मैत्रिणीने शिकवली. आणि एकदा पोयनाडपासून पुढे तुमच्या बसच्या मागेमागे आले होते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"तोंडाला ओढणी बांधली होती. पिवळी. मैत्रीण मागे बसली होती. मला ओव्हरटेक करायची हिंमत होत नव्हती, आणि तुम्ही ओळखाल ही भीती. तुम्ही थांब्यावर थांबलात की मीपण मागे थांबायची. कार्लेखिंडीपर्यंत अशीच आले."

आता मला आठवायला लागलं. आरशात दिसलेली ती पिवळी ओढणी आठवली नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. मला ती चांगली आठवत होती, कारण त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं होतं की आज एक पोरगी माझ्या मागून आली, काय गाडी चालवत होती! अंतर ठेवून, घाई नाही, एकदाही हॉर्न नाही. घुसाघुशी करणाऱ्या पोरांना हिच्याकडे शिकायला पाठवलं पाहिजे.

"तुम्ही हे बोलत होतात," मुलगी म्हणाली, "आणि मी समोर बसून आमटीभात खात होते. मान वर केली नाही. आईने विचारलं, काय गं, जेवत का नाहीस नीट?"

"आईला माहीत होतं?"

"आईला सगळं माहीत असतं."

वीस वर्षांनी रागवायचं कसं, आणि कशाबद्दल? मी चहा संपवला. मला वाईट वाटलं, आणि त्याबरोबर एक विचित्र आनंदही झाला, की मी स्वतःच्या मुलीचं कौतुक तिला न ओळखता केलं होतं. ओळखलं असतं तर केलं नसतं. "विचारायला पाहिजे होतं मी तुला," एवढंच म्हणालो. "बघायला पाहिजे होतं."

"बघितलंत की आरशात," ती म्हणाली आणि हसली. मग उठून धाकटीचं तोंड पुसलं. अलिबागपर्यंतच्या उरलेल्या रस्त्यात माझा पाय ब्रेक दाबत नव्हता. निदान मला तरी तसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी जावयाने एका मेकॅनिकचं नाव काढलं. किहीमच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे; किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या गाड्या तोच दुरुस्त करतो. बंगलेवाल्यांच्या जुन्या गाड्याही त्याच्याकडे येतात. मुंबईची माणसं मुलांसाठी हौसेने घेतात, मुलं मोठी होतात, गाडी पडून राहते. आम्ही पुन्हा चौघं गेलो.

त्या माणसाने गाडी दाखवली नाही. आधी विचारलं, "पोरींना सायकल येते का?"

"येते."

"दोघींना? बाजूची छोटी चाकं नसताना?"

"हो."

"वजन किती?" मुलीने सांगितलं. त्याने दोघींना समोर उभं केलं, मोठीचा हात आपल्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, "हे माप धरू. लहान हाताला जमलं की मोठ्या हाताला जमतंच." मला हा माणूस आवडला.

त्याच्याकडे मापाच्या दोन गाड्या होत्या. एक पेट्रोलची, निळी. एक बॅटरीची, मूळची पांढरी असावी, आता दुधाच्या चहासारखी दिसत होती. दोन्हींना मागच्या चाकांपुढे ढाल होती. दोन्हींचा वेग बांधून ठेवायची सोय होती. पेट्रोलच्या गाडीला अंगठ्याच्या पट्टीपाशी एक स्क्रू, तो आत पिळला की पट्टी जास्त दाबलीच जात नाही. बॅटरीवालीला किल्लीने फिरवायचं बटण होतं, हळू आणि जरा जोरात. आणि दोन्हींच्या मागे एक दोरी. मोठ्या माणसाने ती धरून मागून चालायचं. ओढली की गाडी जागच्या जागी बंद.

मुलीने जावयाला फोन लावला. तो म्हणाला पेट्रोलची घ्या, बॅटरीची म्हणजे खेळणं. मलाही मनातून तसंच वाटत होतं. मी इंजिनाच्या आवाजावरून बसची तब्येत सांगणारा माणूस. मुका डबा घेऊन काय करू?

"दोन्ही चालवून बघा," मेकॅनिक म्हणाला.

गॅरेजच्या मागे मोकळी जागा होती. धाकटीला हेल्मेट चढवलं आणि निळ्या गाडीवर बसवलं. मी दोरी धरून मागून चालत होतो. गाडी लहान, पण आवाज मोठा. अर्ध्यावर मी म्हटलं, "थांब." ती गेली पुढे. मोठ्याने म्हटलं, "थांब!" हेल्मेटच्या आत कान, वरून इंजिनाची फटफट. तिला काही ऐकू गेलं नाही. दोरी ओढावी लागली.

मग पांढरी. ती निघाली तेव्हा चाकांखाली वाळकी पानं चुरल्याचा आवाज तेवढा आला. मी सहज बोलतो त्या आवाजात म्हटलं, "थांब." गाडी थांबली. "आता डावीकडे." वळली. "अंग टाक." तिने टाकलं. मी शिकाऊ होतो तेव्हा माझे उस्ताद बॉनेटशेजारी बसून बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि मला चारातला एक शब्द कळायचा. ते बेचाळीस शिव्या द्यायचे असं लोक म्हणत, मला त्यातल्या दहासुद्धा ऐकू आल्या नाहीत. ही गाडी चालवताना बोलता येत होतं.

"ही," मी म्हटलं.

"ही तर बाळाची आहे," धाकटी म्हणाली, पण गाडीवरून उतरेना. जावयाला मी संध्याकाळी समजावलं. शेवटी तो म्हणाला, "पाहुण्यांची दुपारची झोप मोडणार नाही, हेही खरंच." खारी हवा पेट्रोलच्या लहान इंजिनाची काय गत करते, हे तर त्यालाच जास्त माहीत.

मी आणि बायको आठ दिवसांसाठी गेलो होतो. राहिलो दीड महिना.

माझे नियम असे होते: हेल्मेट, बंद बूट, लांब पँट. गाडीवर एकच जण. वाडीच्या बाहेर नाही, ना रस्त्यावर ना किनाऱ्यावर. मोठं माणूस समोर नसेल तर गाडीला हात नाही. आणि पहिले तीन दिवस गाडी चालू करायची नाही. मुली आळीपाळीने बंद गाडीवर बसायच्या, मी मागून ढकलायचो आणि त्या ब्रेक दाबायच्या. एवढंच.

"चालू कधी करायची?" धाकटी दर पाच मिनिटांनी विचारायची.

"थांबता आलं की."

"आलं थांबता!"

"मला न विचारता थांबता आलं की."

मोठी "मला नको"वर ठाम होती. पण मी बंद गाडीवर बसायला बोलावलं की यायची, आजोबांचं मन मोडू नये म्हणून. चौथ्या दिवशी गाडी चालू केली. धाकटीने दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा वळणावर गोंधळली. मग मी मोठीला म्हटलं, "एकच फेरी. नाही आवडलं तर पुन्हा विचारणार नाही." ती बसली. निघाली. वळण आलं आणि तिने पायठाणावर किंचित उठून अंग आत टाकलं, इतकं अलगद की मला वाटलं गाडी आपणहून वळली. पुढचं वळणही तसंच. परत येऊन गाडी माझ्या पायापासून हातभर अंतरावर थांबवली.

"कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"तुम्ही कुंपणात गेलात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी नीट बघितलं."

धाकटीला हे सहन झालं नाही. तिने त्याच दिवशी मनावर घेतलं आणि आठवड्याभरात तीही छान चालवायला लागली. फक्त तिला वेग हवा असायचा. तीनेक आठवडे झाले असतील. मी चहा प्यायला ओट्यावर आलो, बशीत चहा ओतला, तेवढ्यात तिने बटण जोराच्या बाजूला फिरवलं. वाडीच्या कोपऱ्यात नारळ सोलून टाकलेल्या सोडणांचा ढीग होता. गाडीचं एक चाक त्यावर चढलं, गाडी तिरकी झाली आणि हळूच कुशीवर पडली. ती उडी मारून बाजूला झाली होती. कोपर खरचटलं.

मी पोचायच्या आत ती स्वतःच चालत माझ्याकडे आली. हेल्मेट डोक्यावरच होतं. "आजोबा, मी बटण फिरवलं," ती म्हणाली.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात बोंबलांचं ताट. ती धाकटीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी कोपर बघितलं. विहिरीवर नेऊन धुतलं, हळद लावली. मग म्हटलं, "किल्ली दोन दिवस माझ्या खिशात राहणार. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ढकलगाडी, नुसता ब्रेक."

"म्हणजे बंद नाही?"

"बंद कशाला?"

ती रडायला लागली, आता सुटकेने. मुलगी आत गेली. जेवताना माझ्या ताटात तळलेले बोंबील सगळ्यांपेक्षा दोन जास्त होते. बायकोने ते मोजले, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ताटात मान घातली.

आम्ही गावी परतायला निघालो तेव्हा मोठीने मला निरोप म्हणून वाडीला एक पूर्ण फेरी मारून दाखवली. वाटेत कोंबडी पिल्लं घेऊन आडवी आली. मोठी दोन्ही ब्रेक धरून थांबली. पिल्लं काही केल्या पुढे सरकेनात, एक तर चाकाशीच टोचा मारत बसलं. ती तशीच थांबून राहिली. आमची सहा आसनी रिक्षा दारात घरघरत होती, ड्रायव्हर हाका मारत होता, आणि मी त्याला म्हटलं, थांब बाबा दोन मिनिटं.

त्याला आता दीड वर्ष झालं. गाडी अजून उत्तम आहे. पावसाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवतात, गाडीवर ताडपत्री. धाकटीचे गुडघे आता हँडलला लागायला आलेत; पुढच्या दिवाळीनंतर एक माप मोठी बघावी लागेल, आणि ती निवडायलाही मीच जाणार असं तिने परस्पर ठरवून टाकलं आहे. दुकानदाराचं म्हणणं खरं झालं, दोन वर्षांतच पुन्हा जावं लागणार. जाऊ की.

मोठीने मात्र गाडी जवळजवळ सोडली. आम्हा सगळ्यांत तिच्याइतकी सुरेख गाडी कुणाला चालवता येत नाही, तरीही. तिला आता पोहायचंय. नागावच्या तळ्यात सकाळी बऱ्याच मुली शिकायला येतात, तिथे ती जाते. मला आधी हळहळ वाटली. मग मागच्या महिन्यात आम्ही गेलो होतो तेव्हा ती सकाळी सकाळी माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "आजोबा, चला ना बघायला." मला पोहता येत नाही, पाण्याची मला भीतीही वाटते. पण गेलो. पायरीवर बसलो, तिचा टॉवेल मांडीवर घेतला, आणि ती पलीकडच्या काठाला हात लावून वळून बघेपर्यंत बघत राहिलो.